भंगारात घालण्यापूर्वी एकदा उगवण तपासा

खरीप नियोजनाच्या बैठकीसाठी परवा एका गावात जाणे झाले. बैठक आटोपली, चहा झाला आणि ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात गोणपाट टाकून झाकलेल्या एका वस्तूकडे लक्ष गेले. हे काय ठेवलंय म्हणून विचारले, तर शिपाई म्हणाला, "कॉम्प्युटर हाय साहेब. चालू होतोय, पण आता त्याचं काही खरं नाही म्हणत्यात. भंगारवाला आला की देऊन टाकायचा." गोणपाट उचलून पाहिले. यंत्र धडधाकट होते. पडदा चांगला, कळफलकाची एकही कळ निखळलेली नाही. दावे तुटले म्हणून चालता बैल बाजारात उभा करावा, तसला हा प्रकार!

असे बैल आज गावोगावी दावणीला उभे आहेत. शाळेत आहेत, सोसायटीत आहेत, मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढून संगणक घेतलेल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी आहेत. म्हणून आज पिकावर न लिहिता या विषयावर लिहितो आहे. हे काय कृषी खात्याच्या माणसाचे काम, असे कोणी म्हणेल. पण सातबारा संगणकावर, अनुदानाचा अर्ज संगणकावर, विम्याचा अर्जही संगणकावर. मग संगणक हे शेतीचे अवजार झालेच की नाही? आणि अवजाराची निगा हा आमच्याच खात्याचा विषय.

नेमके झाले काय?

संगणकाचे यंत्र म्हणजे ट्रॅक्टर समजा. पत्र लिहिण्याचा, हिशेबाचा, चित्रे पाहण्याचा असे जे निरनिराळे प्रोग्राम असतात, ते म्हणजे नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र. या दोहोंच्या मध्ये बसून सगळे चालवणारा जो ड्रायव्हर, तो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. आपल्याकडे बहुतेक यंत्रांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज हा ड्रायव्हर असतो. त्यातल्या विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी आणखी एक वर्षाची, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, सुरक्षा-मुदतवाढ ठेवली, एवढेच.

देखभाल थांबली म्हणून संगणक बंद पडत नाही. पण नव्या विषाणूंवर जी औषधे वेळोवेळी मिळायची, ती मिळत नाहीत. फवारणी बंद झालेल्या बागेसारखी गत. आज हिरवी दिसते, रोग कधी शिरेल सांगता येत नाही. मग विंडोज ११ घ्यावी म्हटले, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि ठराविक यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीची बहुतेक यंत्रे त्या यादीत बसत नाहीत. मग दुकानदार सांगतो, नवा घ्या. नाहीतर कोणी ओळखीचा पोरगा येतो आणि कुठून तरी आणलेली चोरीची प्रत टाकून देतो.

इथे जरा थांबा, बंधूंनो. बोगस बियाणे निघाले की आपण तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा नेतो. पावती दाखवा, लॉट नंबर दाखवा, म्हणून दुकानदाराला धारेवर धरतो. आणि घरात मात्र ना पावती, ना लॉट नंबर अशी प्रणाली खुशाल चालवून घेतो. त्याच संगणकावर बँकेचा पासवर्ड टाकतो. हे शहाणपणाचे आहे काय?

तिसरी वाट

नवा घेणे आणि चोरीचा चालवणे याखेरीज तिसरी वाट आहे. तिचे नाव लिनक्स. नाव नवे वाटेल, पण ही वस्तू तुमच्या बंडीच्या खिशात आताही आहे. अँड्रॉइडचा फोन ज्या गाभ्यावर चालतो, तो गाभा लिनक्सचाच. जगातले सर्वांत वेगवान म्हणून ज्या पाचशे महासंगणकांची यादी निघते, त्या यादीतले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत.

हा गाभा लिहायला घेतला तो फिनलंड देशातल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने आपले काम जाहीर केले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला होता. संगणकाची प्रणाली कोणाच्या कुलपात नसावी, हा त्यांचा आग्रह. पुढे ही दोन्ही कामे एकत्र आली आणि जगभरच्या माणसांनी त्यात आपापल्या परीने भर घातली.

या प्रणालीला मुक्त म्हणतात. ती वापरा, आत काय आहे ते पाहा, बदला, शेजाऱ्याला द्या, बदललेली द्या. परवान्यातच तशी मुभा लिहिलेली आहे. शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. आपल्या आजीने कणगीत राखून ठेवलेले ज्वारीचे बियाणे असेच होते. पेरले, त्यातले चांगले कणीस निवडून ठेवले, लेकीच्या सासरी शेर-दोन शेर धाडले. कोणी परवानगी मागितली नाही, कोणी मागायला लावली नाही. देशाच्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याचा हा हक्क मानला आहे. ब्रँडचे नाव लावून विकू नका, एवढीच अट. जे बियाण्याचे, तेच या प्रणालीचे. विंडोज वाईट आणि लिनक्स चांगले, असा माझा सांगावा नाही. संकरित वाणही आपण पेरतोच, उत्पन्नही घेतो. पण दरवर्षी दुकानाच्या पायरीवर उभे राहण्यावाचून दुसरा मार्गच नाही, अशी वेळ येऊ नये. घरात एक कणगी आपली असावी.

हे काही हवेतले बोलणे नव्हे. केरळ राज्याने शाळांतला संगणक-शिक्षणाचा प्रकल्प २००१ साली हाती घेतला आणि पुढे तो मुक्त प्रणालीवर आणला. तिथली मुले लिनक्सवरच शिकतात. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने २००७ साली भारतीय भाषांची सोय असलेली बॉस ही लिनक्स प्रणाली काढली. सरकारी कामात मुक्त प्रणालींना प्राधान्य द्यावे, असे धोरण केंद्र सरकारने २०१५ साली जाहीर केले. धोरण आहे, पण गावाच्या वेशीपर्यंत ते पोचायचे आहे, एवढेच.

आधी उगवण चाचणी

सोयाबीन पेरण्याआधी आपण काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, रोज पाणी शिंपडतो, आठवड्याने उघडून पाहतो. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर पेरायचे, नाहीतर विचार करायचा. लिनक्सची अशीच उगवण चाचणी घेता येते आणि तिला एक पैसाही लागत नाही. संगणकाच्या डिस्कला हात न लावता नुसत्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघता येते. पटले नाही तर पेनड्राइव्ह काढा, संगणक पुन्हा चालू करा. जुने जसेच्या तसे हजर!

क्रम असा ठेवा.

पहिले, यंत्र बघा. लिनक्समध्ये अनेक वाण आहेत. नवशिक्याने लिनक्स मिंट घ्यावे, कारण त्याची मांडणी विंडोजसारखीच असल्याने हात अडखळत नाही. त्याला किमान २ जीबी रॅम आणि डिस्कवर २० जीबी जागा लागते. आरामात चालायला रॅम ४ जीबी हवी. जुन्या, दमलेल्या यंत्राला मिंटचाच एक्सएफसीई हा हलका प्रकार मानवतो. यंत्र ६४ बिटचे असले पाहिजे. फार जुन्या ३२ बिट यंत्राच्या नादी लागू नका.

दुसरे, प्रत उतरवा. साधारण तीन जीबीची फाइल असते. फोनच्या रोजच्या डेटात ती बसणार नाही. सोसायटीत, शाळेत किंवा तालुक्याला जिथे चांगले जाळे असेल तिथून आणा. आणायची ती मूळ संकेतस्थळावरूनच. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला जशी निळी खूणचिठ्ठी असते, तशी या फाइलसोबतही एक आकडे-अक्षरांची लांबलचक खूण दिलेली असते, तिला चेकसम म्हणतात. आपल्या फाइलची खूण तिच्याशी जुळवून पाहायची. जुळली तर माल अस्सल, नाही जुळली तर फाइल टाकून द्यायची.

तिसरे, पेनड्राइव्ह तयार करा. आठ जीबीचा पुरे. विंडोजवर रुफस किंवा एचर नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे. तो ही फाइल पेनड्राइव्हवर चढवून देतो. नुसती कॉपी करून चालत नाही. पेनड्राइव्हवर आधीचे जे असेल ते पुसले जाते, हे विसरू नका.

चौथे, पेनड्राइव्ह लावून संगणक चालू करा आणि लगेच एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी तुमच्या यंत्राला लागू असलेली कळ दाबत राहा. यादी येईल, तीत पेनड्राइव्ह निवडा. दोन-चार मिनिटांत लिनक्सचा पडदा समोर येईल. पेनड्राइव्हवरून जरा संथ चालते, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

आता खरी परीक्षा. आवाज येतो का, वायफाय सापडते का, प्रिंटर कागद काढतो का, नेहमीची संकेतस्थळे उघडतात का, हे एकेक करून वहीत टिपा. वायफाय सापडले नाही तर फोन वायरने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, बहुतेक वेळा काम भागते. असे दोन-तीन दिवस वापरा. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला बसवा, ती तुमच्याआधी शिकेल.

माझी चूक सांगतो

इथवर सगळे गोड. आता कडू सांगतो. मी कृषी पदविकेचा माणूस, संगणकाचे शिक्षण नाही. हौसेने शिकलो. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या अण्णांच्या संगणकावर लिनक्स घालून द्यायला बसलो. पहिल्यांदा घरच्या यंत्रावर जमले होते, म्हणून छाती फुगलेली. लिनक्स घालताना यंत्र एक प्रश्न विचारते. आहे त्या विंडोजच्या शेजारी जागा करून देऊ, की सगळी डिस्क पुसून नव्याने घालू? मी घाईत 'इरेज डिस्क' वर टिचकी मारली.

अण्णांच्या डाळिंबबागेचा पाच हंगामांचा हिशेब त्या डिस्कवर होता. कोणती फवारणी कधी केली, किती पेट्या कुठल्या भावाने गेल्या, कोणाची उसनवारी राहिली, सगळे त्यात. थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटोही होते. फोटो नातेवाइकांच्या फोनवरून गोळा झाले. हिशेब गेला तो गेलाच. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, पीक गेलं तर पुढच्या साली येतं. ह्ये आता कुठनं आणायचं?"

दोष प्रणालीचा नव्हता. तिने विचारले होते, मी नीट वाचले नव्हते. म्हणून सांगतो, पेरणीपूर्वी बियाणे जसे कोठीत सुरक्षित ठेवतो, तशा सगळ्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. घेतल्यावर त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. मगच पुढच्या कळीला हात लावा. 'पुसा' या अर्थाचा शब्द पडद्यावर दिसला की हात मांडीवर ठेवून तो दोनदा वाचा. विंडोजही ठेवायची असेल तर तिच्यातली फास्ट स्टार्टअप ही सोय आधी बंद करा. काही लॅपटॉपच्या डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असते, त्याची किल्ली कागदावर उतरवून ठेवा. आणि सगळ्यांत आपल्याकडची अडचण म्हणजे वीज. डिस्कची वाटणी चालू असताना लाइट गेली तर दोन्हीकडून जाल. लॅपटॉप पूर्ण चार्ज असू द्या, मोठा संगणक असेल तर यूपीएसशिवाय बसू नका. भारनियमनाच्या वेळापत्रकावर एक नजर टाकायला काय जाते?

घातल्यानंतर

पत्रे आणि तक्ते करायला लिबरऑफिस हा मोफत संच मिंटसोबतच येतो. विंडोजवर केलेल्या फाइलीही तो उघडतो, मांडणी कधी थोडी हलते. मराठी लिहायला कळफलकाच्या सेटिंगमध्ये भाषा जोडली की पुरे. ज्यांनी इन्स्क्रिप्टवर टंकलेखन शिकले आहे, त्यांना काहीच नवे नाही. मात्र श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या टंकांत केलेली पत्रे लिनक्सवर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसेल. घाबरू नका, ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. नाहीतरी ते काम कधीतरी करायचेच आहे.

अद्ययावत करण्याची सूचना आली की करून घ्या. लिनक्सला रोग होतच नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. निरोगी वाणालाही निगा लागतेच. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत देखभाल मिळणार आहे, म्हणजे तेवढी वर्षे घोर नाही. टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, ती सुरू करा. काही बिघडले तर प्रणाली मागच्या चांगल्या दिवसावर परत नेता येते. पण ती तुमच्या फाइली राखत नाही, त्या वेगळ्या डिस्कवर घ्यायच्याच. कोणी सांगितले म्हणून काळ्या पडद्यावर न समजणाऱ्या आज्ञा टाकू नका. अनोळखी बाटलीतले औषध आपण पंपात ओततो का?

ग्रामपंचायतीला दोन शब्द

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब, सोसायटीचे सचिव यांना वेगळे सांगणे आहे. ज्या यंत्रावर डिजिटल सहीचे टोकन लागते, अंगठ्याचे यंत्र जोडलेले आहे किंवा टॅलीवर हिशेब चालतो, त्या यंत्राला आज हात लावू नका. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. सही आणि अंगठ्याची उपकरणे लिनक्सवर चालतीलच, असे गृहीत धरू नका. चालतात का, ते दुसऱ्या यंत्रावर पडताळा. गावाचा दाखला अडला तर लोक लिनक्सला नव्हे, तुम्हाला बोलणार.

पण कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेले यंत्र आहे ना, त्यावर जरूर प्रयोग करा. शाळेतल्या बंद खोलीतली यंत्रे बाहेर काढा. हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवली तर जुने यंत्रही तरतरीत होते, आणि तो खर्च नव्या संगणकाच्या मानाने किरकोळ असतो. ग्रामसभेत ठराव करताना 'नवीन संगणक खरेदी' हा विषय येण्याआधी 'जुन्याची उगवण तपासली का?' हा प्रश्न सदस्यांनी विचारावा. आणि खरोखरच निकामी झालेले यंत्र असेल तर ते रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे पोचवा. त्यातले शिसे आपल्याच ओढ्यात उतरते.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही प्रणाली फुकट मिळते, पण अडले तर सांगणारा माणूस फुकट मिळत नाही. विंडोज दुरुस्त करणारा तालुक्याला चौकाचौकात आहे, लिनक्स जाणणारा शोधावा लागतो. या वाटेवरचा खरा खड्डा तोच आहे. तो एकट्याने बुजणार नाही. गावात कृत्रिम रेतन करणारा एक जण असतो, पंप दुरुस्त करणारा एक जण असतो, तसा संगणक जाणणारा एक मुलगा किंवा मुलगी गावाने तयार करावी. बचत गटातल्या एखाद्या ताईने हे काम हाती घेतले तर तिला चार पैसेही सुटतील. एकाने शिकावे, दहांना सांगावे. ठिबक सिंचन आपल्या शिवारात असेच आले, शेजाऱ्याच्या बांधावरून.

अण्णांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्यांच्या संगणकावर लिनक्स अजून चालू आहे. काढून देतो म्हणालो होतो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, आता त्याची सवय झाली." डाळिंबाचा हिशेब त्यांची सून ठेवते. दर रविवारी पेनड्राइव्हवर एक प्रत घेते आणि तो पेनड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खणात ठेवते. मी गेलो की अण्णा चहा सांगतात आणि हसत म्हणतात, "सूनबाई, आधी तो पेनड्राइव्ह दाखव साहेबांना."

बंधूंनो, संगणक पेरायला काढण्याआधी एवढा एक पेनड्राइव्ह तुमच्याही घरात असू द्या. बाकीचे जमेल.